मुंबई विमानतळावरून घरी जाताना: टॅक्सीच्या भाड्यात फसू नये म्हणून काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करावं

मुंबईच्या विमानतळावर उतरणारी बरीच माणसं आधी बाहेर येतात, मग कसं जायचं ते ठरवतात आणि भाड्याचा विषय गाडी सुरू झाल्यावर काढतात. हा क्रम उलटा आहे, आणि लुबाडणाऱ्यांचा धंदा याच उलट्या क्रमावर चालतो. जानेवारी २०२६ मध्ये एका अमेरिकन प्रवासी महिलेकडून विमानतळापासून जेमतेम चारशे मीटरवरच्या हॉटेलसाठी १८,००० रुपये घेतल्याचं प्रकरण गाजलं. चालकाला अटक झाली. रक्कम मोठी म्हणून त्याची बातमी झाली. चारशेच्या जागी बाराशे देऊन गप्प बसणाऱ्यांची बातमी होत नाही.

खाली दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. पहिल्या तीन घरी बसून होतात, आणि त्याच सर्वांत महत्त्वाच्या आहेत.

## १. तिकिटावर विमानतळ आणि टर्मिनल नीट वाचा

'मुंबई' एवढं वाचून पुढे जाऊ नका. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं सुटू लागली आहेत. तो विमानतळ उलवे-पनवेलच्या बाजूला आहे. तिकिटावर बीओएम असेल तर छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ, एनएमआय असेल तर नवी मुंबई. पनवेल किंवा खारघरला राहणाऱ्या माणसाने सहारला, म्हणजे जुन्या विमानतळावर, उतरायचं आणि दादर-परळच्या माणसाने उलव्याला, असं झालं की स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. तिकीट काढतानाच दोन्हीकडचा टॅक्सीखर्च धरून तुलना करा.

हा लेख जुन्या विमानतळाबद्दल आहे. तिथे दोन टर्मिनल आहेत. टर्मिनल १ विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला, फक्त देशांतर्गत विमानांसाठी. टर्मिनल २ सहारला, तिथे आंतरराष्ट्रीय आणि बरीच देशांतर्गत विमानंही येतात. एकातून दुसऱ्यात आतून चालत जाता येत नाही, रस्त्याने काही किलोमीटरचा वळसा पडतो.

तपासा: न्यायला येणाऱ्या माणसाला आणि गाडी मागवायच्या ॲपला एकच टर्मिनल सांगितलं आहे ना? 'सर, ये तो दूसरा टर्मिनल है' म्हणत त्या वळशाचे पाचशे रुपये मागणारे भेटतात. खरंच टर्मिनल बदलायचं असेल तर मेट्रो ३ वर टर्मिनल १ आणि टर्मिनल २ अशी दोन स्थानकं आहेत, मध्ये फक्त सहार रोड लागतं. पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असेल तर विमान कंपनीच्या कक्षात आंतरटर्मिनल बसची चौकशी आधी करा.

## २. भाडं स्वतः काढून कागदावर लिहा

हे करायला पाच मिनिटं लागतात आणि बहुतेक लोक नेमकं हेच टाळतात. आपल्याकडे स्वतःचा आकडा नसला की समोरच्याचा पहिला आकडाच आधार वाटायला लागतो. तो दोन हजार म्हणतो, आपण घासाघीस करून बाराशेवर आणतो आणि जिंकल्यासारखं वाटतं. मीटरने पाचशे झाले असते.

मुंबई महानगर प्रदेशात १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेले दर असे आहेत:

- काळी-पिवळी टॅक्सी: पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे दर किलोमीटरला २०.६६ रुपये.
- निळी-चंदेरी वातानुकूलित कूल कॅब: पहिल्या दीड किलोमीटरला ४८ रुपये, पुढे दर किलोमीटरला ३७.२० रुपये.
- रिक्षा: पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये.

रात्री बारा ते पहाटे पाच या वेळात यावर २५ टक्के जादा. गाडी वाहतुकीत थांबली की मीटर प्रतीक्षेचे पैसेही मोजतो. दरवाढ अधूनमधून होते, म्हणून निघण्याआधी चालू दरपत्रक एकदा बघा आणि हिशोब त्यावर करा.

आता एक उदाहरण. फोनच्या नकाशावर टर्मिनल २ पासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस रेल्वे स्थानक सुमारे २५ किलोमीटर दाखवतं असं धरा. त्यातून दीड वजा केला की राहिले २३.५. त्याला २०.६६ ने गुणलं की सुमारे ४८६ रुपये, त्यात पहिले ३१ मिळवा: ५१७. वाहतुकीत अडकण्याचे पन्नास-शंभर धरा. म्हणजे दिवसा काळी-पिवळीला सहाशेच्या आसपास. कूल कॅब तेवढ्याच अंतराला ९२२. रात्री दोन वाजता काळी-पिवळी ५१७ ची ६४६ होते. हा हिशोब आपल्या घराच्या पत्त्यासाठी करा आणि तीन आकडे लिहून ठेवा: दिवसाचं भाडं, रात्रीचं भाडं आणि त्या तासाला ॲप दाखवतं ते भाडं.

प्रीपेड खिडकीवरचं, म्हणजे विमानतळावरच आधी पैसे भरून टॅक्सी घेतली तर लागणारं, भाडं मीटरपेक्षा जास्त असतं. ती फसवणूक नाही. ठरलेल्या पावतीची आणि निश्चिंतीची ती किंमत आहे, आणि पहाटे तीनला ती देण्यात काहीच गैर नाही. पण किती जास्त देतोय हे कळायला मीटरचा आकडा आपल्यापाशी हवा.

टोलबद्दल सावधान: १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडची दोन्ही नाकी, ऐरोली आणि वाशी इथे, हलक्या वाहनांना टोल नाही. ठाण्याला किंवा वाशीला जाताना 'टोल अलग लगेगा' कोणी म्हणालं तर ते खोटं आहे. वांद्रे-वरळी सी-लिंकचा टोल मात्र खरा आहे, मोटारीला एका बाजूचे १०० रुपये, आणि तो प्रवाशाने द्यायचा असतो. अटल सेतूचा एका बाजूचा टोल २५० रुपये. वरळीपासून पुढच्या किनारी रस्त्याला टोल नाही.

## ३. वेळ आणि सामान बघून साधन ठरवा

इथे माझं मत स्पष्ट आहे. दिवसा उतरत असाल, एक-दोन बॅगा असतील आणि दक्षिण मुंबईत जायचं असेल, तर टॅक्सीचा विचार सोडा आणि मेट्रो ३ पकडा. कफ परेडपर्यंतची पूर्ण मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून सुरू आहे. सगळ्यांत लांबचं तिकीट ७० रुपये. बीकेसी, दादर, सिद्धिविनायक, वरळी, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल, गिरगाव, सीएसएमटी, चर्चगेट ही सगळी ठिकाणं एकाच गाडीत लागतात, आणि संध्याकाळी सहाला पश्चिम द्रुतगती मार्गावर टॅक्सी उभी असते तेव्हा मेट्रो धावत असते. गाड्या साधारण सकाळी सहापासून रात्री साडेदहापर्यंत असतात. विमान नऊनंतर उतरत असेल तर मेट्रोच्या भरवशावर राहू नका. सामान यायला उशीर झाला की शेवटची गाडी हुकते.

ठाणे, डोंबिवली, कल्याणकडच्यांनी टर्मिनल २ वरून एकच स्थानक पुढे मरोळ नाक्याला जावं, तिथून मेट्रो १ ने घाटकोपर आणि पुढे लोकल. बोरिवली-विरारकडच्यांनी मरोळ नाक्यावरून उलट दिशेने अंधेरी. हा रस्ता दुपारी किंवा रविवारी उत्तम. कामाच्या दिवशी सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात मोठी बॅग घेऊन घाटकोपरच्या फलाटावर जाऊ नका. तुमचे हाल होतीलच, डब्याच्या दारातल्या माणसांचेही होतील.

अंधेरी, पार्ले, जोगेश्वरी, कुर्ला अशा जवळच्या ठिकाणी मीटरची रिक्षा सर्वांत स्वस्त. पाच किलोमीटरला दिवसा ८६ रुपये. दोन गोष्टी ध्यानात ठेवा: टर्मिनल २ च्या उन्नत मार्गावर रिक्षा चढत नाही, ती खालच्या रस्त्यावरच मिळते, आणि वांद्रे-शीवच्या पलीकडे शहरात रिक्षा जात नाही. जवळचं भाडं टॅक्सीवाले नाकारतात, कारण रांगेत तासभर थांबून शंभर रुपये मिळणं त्यांना परवडत नाही. त्यांची अडचण खरी आहे. म्हणूनच जवळ जायचं असेल तर त्या रांगेत वेळ घालवू नका, रिक्षा किंवा मेट्रो बघा.

पुण्याला जाणाऱ्यांची फसवणूक सर्वांत मोठ्या रकमेची होते. विमानतळाबाहेर 'पुणे, पुणे' ओरडणाऱ्याच्या गाडीत बसू नका. 'चौथी सवारी आली की निघू' म्हणत दोन तास थांबवतात आणि वाशीच्या पुढे भाडं वाढवतात. दारातून दारापर्यंत हवं असेल तर शेअर गाडीची सीट आदल्या दिवशी नोंदवा आणि भाडं संदेशात लेखी घ्या. दिवसा असाल तर मेट्रोने दादर आणि तिथून एसटीची शिवनेरी, किंवा टॅक्सीने चेंबूरचा मैत्री पार्क थांबा. शिवनेरीची जागा ऑनलाइन आधी आरक्षित करता येते.

बॅगांबद्दल सावधान: मुंबईच्या बहुतेक टॅक्सी सीएनजीवर चालतात आणि सिलिंडर डिकीत असतो. चार दारांच्या गाडीच्या डिकीत दोन मोठ्या बॅगा मावतीलच असं नाही. बॅगा बाहेर राहिल्या की 'दूसरी बडी गाडी करो' सुरू होतं, आणि त्या क्षणी तुम्ही काहीही कबूल करता. परदेशातून चार मोठ्या बॅगा घेऊन येत असाल तर सहा आसनी गाडीच मागवा, किंवा कॅरियर असलेली काळी-पिवळी घ्या.

## ४. सामानाच्या पट्ट्याजवळ उभं असतानाच फोनची कामं उरका

बॅगा येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं हातात असतात. ती वापरा.

फोन चार्ज आहे का बघा. ॲप उघडून आत्ताचं भाडं पाहा आणि लिहिलेल्या आकड्याशी जुळवा. गाडी मात्र बॅगा हातात आल्यावरच मागवा. आधी मागवली की प्रतीक्षेचे पैसे लागतात किंवा चालक फेरी रद्द करतो. केंद्र सरकारच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत आकारणीला मुभा आहे. म्हणजे तीच गाडी अर्ध्या तासाने बरीच स्वस्त होऊ शकते. एकदम चार विमानं उतरली असतील तर चहा घ्या आणि पुन्हा बघा.

परदेशी सिम असेल तर विमानतळाच्या वायफायचा ओटीपी तुमच्या नंबरवर येईलच असं नाही. आतल्या माहिती कक्षात विचारा, आणि बाहेर पडण्याआधी इंटरनेट सुरू झालं आहे याची खात्री करा. इंटरनेट नसलेला, रुपये नसलेला, सतरा तासांच्या प्रवासाने थकलेला माणूस दलालाला दुरून ओळखू येतो. दोन-तीन हजार रुपये शंभर-दोनशेच्या नोटांत आधीच जवळ ठेवा. पाचशेच्या नोटेला 'छुट्टा नहीं' हे ठरलेलं उत्तर आहे.

आई-बाबा एकटे येत असतील तर हे सगळं त्यांच्यावर सोडू नका. मुलाने किंवा मुलीने जिथे असेल तिथून त्यांच्या नावाने गाडी नोंदवावी, गाडीचा नंबर आणि फेरी सुरू करायला चालकाला सांगायचा पिन त्यांच्या फोनवर पाठवावा आणि कागदावरही लिहायला लावावा. त्यांना एकच वाक्य सांगून ठेवा: 'जो आपणहून जवळ येऊन विचारेल, त्याच्याबरोबर जायचं नाही.'

तपासा, दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी: साधन ठरलं? आकडा लिहिलेला आहे? इंटरनेट चालू? सुट्टे खिशात? यातलं एकही 'नाही' असेल तर आतच थांबा.

## ५. गाडी फक्त ठरलेल्या जागेवरून घ्या

बाहेर येताच 'टॅक्सी, सर? कहां जाना है?' सुरू होईल. मान हलवून चालत राहा. कुठे जायचं ते सांगू नका. ते सांगितलं की बोलणं सुरू होतं आणि बॅग त्यांच्या हातात जाते. बॅग हातची सोडू नका. ट्रॉली ढकलायला मदत करणारा माणूस तुम्हाला ओळीतल्या गाडीकडे नाही, त्याच्या गाडीकडे नेतो.

प्रीपेड घेत असाल तर: खिडकीवर ठिकाण नेमकं सांगा. 'ठाणे' नको, 'ठाणे पश्चिम, घोडबंदर रोड' असं. पावतीवर रक्कम, ठिकाण आणि गाडीचा नंबर वाचा, गाडीशी जुळवा. पावती चालकाला घरी उतरेपर्यंत देऊ नका. ती दाखवा, पण हातात तुमच्याच राहू द्या. ती आधी दिली आणि मग अर्ध्या वाटेत वाद झाला तर तुमच्यापाशी काहीच पुरावा उरत नाही. प्रीपेड भरल्यावर 'पार्किंग' किंवा 'एसी' म्हणून वेगळे पैसे मागितले तर गाडी निघण्याआधीच खिडकीवर परत जा.

ॲपची गाडी असेल तर: ठरवून दिलेल्या पिकअपच्या जागी जा. गाडीचा नंबर पूर्ण वाचा, शेवटचे चार आकडे पुरेसे नाहीत. पिन आत बसून, नंबर जुळल्यावरच सांगा. 'फेरी रद्द करा, रोख द्या, तेवढ्यातच सोडतो' याला कधीही होकार देऊ नका. फेरी रद्द झाली की मार्गाची नोंद, ठरलेलं भाडं आणि तक्रारीची सोय, तिन्ही जातात.

काळी-पिवळी मीटरने घेत असाल तर: रांगेतून घ्या, आणि बसण्याआधी 'मीटरने येणार ना?' विचारा. नाही म्हटलं तर पुढची.

नंबरप्लेटवर लक्ष ठेवा: भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. विजेवरच्या भाड्याच्या गाडीची पाटी हिरवी, अक्षरं पिवळी. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. प्रवासी वाहतुकीचा परवाना तिच्याकडे नाही, काही झालं तर चालकाची माहितीही कुठे सापडत नाही. गाडी कितीही चकचकीत असली तरी बसू नका.

## ६. गाडी सुटण्याआधी चार गोष्टी

नंबरप्लेटचा फोटो काढा आणि घरी पाठवा. हे चालकाच्या समोर, उघडपणे करा. १८,००० रुपयांच्या त्या प्रकरणातही पोलिसांच्या हाती धागा गाडीच्या नंबरमुळेच लागला.

नकाशा स्वतःच्या फोनवर लावा.

रस्ता आत्ताच ठरवा. सी-लिंकने जायचं की माहीमवरून, हे वांद्र्याला पोचल्यावर ठरवायला गेलात की चालक ठरवतो.

मीटर आपल्यासमोर नव्याने सुरू झालेला बघा. पहिले दीड किलोमीटर तो काळी-पिवळीत ३१ वरच राहिला पाहिजे, गाडी फार वेळ खोळंबली नसेल तर. त्याआधीच आकडा उड्या मारायला लागला तर मीटर फास्ट आहे. इलेक्ट्रॉनिक मीटर अंतरही दाखवतो. ते फोनच्या नकाशातल्या अंतराशी दहा मिनिटांनी ताडून बघा. थोडा फरक चालतो. नकाशात सहा आणि मीटरवर नऊ किलोमीटर असेल तर वर्दळीच्या जागी, पेट्रोल पंपावर किंवा पोलीस चौकीजवळ गाडी थांबवायला सांगा. पुलावर किंवा निर्जन रस्त्यावर वाद काढू नका.

## ७. पैसे देताना

ॲपचं भाडं फक्त तुमच्या फोनवर दिसतं तेवढंच द्या. चालक स्वतःच्या फोनवर हुबेहूब दिसणारं बिल दाखवतो, त्यावर आकडा जास्त असतो, आणि मुंबईत अशा खोट्या बिलांची प्रकरणं पोलिसांपर्यंत गेली आहेत. ॲपमधून कार्डाने पैसे कापले गेले असतील तर 'पेमेंट आलंच नाही' या बोलण्यावर पुन्हा रोख देऊ नका. पावती दाखवा आणि उतरा.

क्रम असा ठेवा: आधी बॅगा उतरवा, मोजा, मग पैसे द्या. नोट हातात देताना ती किती रुपयांची आहे हे मोठ्याने बोला: 'हे पाचशे.' पाचशेची नोट हातचलाखीने शंभरची करून 'साब, ये तो सौ दिया' म्हणणारे असतात, आणि काळोखात खात्री देता येत नाही. क्यूआर कोडने देत असाल तर रक्कम स्वतः टाका आणि फोन चालकाच्या हातात देऊ नका.

## ८. फसवणूक झालीच तर

सुरक्षिततेची भीती वाटत असेल तर पैशांचा वाद सोडा, द्या, उतरा आणि ११२ लावा. महिला आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी मुंबई पोलिसांचा १०३ हाही क्रमांक आहे. टर्मिनल २ च्या बाजूचा प्रकार सहार पोलीस ठाण्याकडे जातो, टर्मिनल १ चा विमानतळ पोलीस ठाण्याकडे. ॲपची फेरी असेल तर आधी ॲपमध्येच त्या फेरीवर तक्रार नोंदवा. उत्तर मिळालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

जास्त भाडं, फास्ट मीटर आणि भाडं नाकारणं या तक्रारी आरटीओकडे जातात, आणि लोक इथे चुकतात: घराजवळच्या आरटीओत जातात. गाडी जिथे नोंदलेली आहे तिथे तक्रार द्या. एमएच ०१ असेल तर ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली. तक्रारीत गाडीचा पूर्ण नंबर, तारीख, बसण्या-उतरण्याची वेळ आणि ठिकाण, नकाशातलं अंतर, घेतलेली रक्कम आणि दराप्रमाणे होणारी रक्कम लिहा. दुसऱ्या पायरीत केलेला तो हिशोब इथे जसाच्या तसा जोडा. पावती, फोटो आणि यूपीआयची नोंद सोबत द्या, आणि तक्रारीचा आवक क्रमांक लिहून घेतल्याशिवाय परत येऊ नका.